गंगाक्का, मांजर पुन्हा शिंकायला लागलंय

आक्का, परवा सकाळी मांजर पुन्हा शिंकलं. एकदा नाही, लागोपाठ. मी चहा गाळत होते, हातातलं गाळणं तसंच धरून उभी राहिले. सवयीनं तोंडातून निघालं, "आक्का, ऐकलंस काय?" भिंतीपलीकडून काही आलं नाही. तुझं घर बंद आहे. तुझा लेक तुझं कार्य उरकून, कुलूप लावून हुबळीला गेला. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मावशी, आता मांजराला तुम्हीच बघा." जसं काय इतके दिवस तोच बघत होता.

तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, "त्याला कशाला बोलतीस गं कमल, पोराच्या मागं कामं असत्यात." असू देत. मी त्याला बोलणार. तुला बोलायचंय ते बोलून आता उपयोग नाही, तर तेवढं तरी करू दे.

या वेळी शिंक ऐकून मी लगेच ओळखलं, पण मागच्या वेळी ओळखलं नव्हतं ना? निपाणीत शिंकेला कोण विचारतं? आपली गल्ली वखारीला चिकटून. नवा माल आला की पाहुणे दारातच शिंकायला लागतात आणि आपण त्यांना हसतो. माझी आई त्याच वखारीत तंबाखू निवडायला जायची. घरी येऊन तिनं पदर झटकला की आम्ही भावंडं ओळीनं शिंकायचो, तो आमचा खेळ होता. त्यामुळं मांजर शिंकायला लागलं तेव्हा अख्ख्या गल्लीनं निदान करून टाकलं, तंबाखू नाकात गेली. तू म्हणालीस, मी म्हणाले, कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला. एकाच नाकपुडीतून पाणी येतंय, दुसरी कोरडी आहे, हे दिसत होतं. तंबाखू काय एका नाकपुडीत जाते? पण आपल्याला कधी तसं सुचलंच नाही. इथून औषध आणलं, चार दिवस बरं वाटलं, आणि आपण दोघी शहाण्या झालो.

बेळगावची ती जनावरांची डॉक्टरीण नंतर म्हणाली होती, "मावशी, दुसऱ्या गावात असतं तर तुम्ही लवकर आला असता." खरं होतं ते. तंबाखूनं आपलं सगळ्यांचंच नाक बधिर करून ठेवलंय.

दुसरी चूक तर आपल्या दोघींशिवाय कुणालाच करता आली नसती. मांजराला दोन घरं होती. तुझ्याकडं ती पुट्टी, माझ्याकडं मनी. तुझ्याकडं दूध-भाकरी आणि दहीभात, माझ्याकडं सुकट. तुमच्या लिंगायत घरात मासळीचं नावही निघायचं नाही, आणि तिच्या तोंडाला माझ्याकडच्या सुकटीचा वास आला की तू तिला उंबऱ्यावर थांबवायचीस. "जा, तोंड धुऊन ये कमलकडं," असं मांजराला सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. बिचारी खरंच पंजानं तोंड पुसत बसायची आणि मग आत यायची.

एक सांगू का आक्का? माझ्या घरचं खाऊन तुझ्या घरात शिरणारी पहिली तीच. मी टेलिफोन ऑफिसात नोकरीला, पगार घेणारी, तुझ्या शेजारी स्वतःच्या पैशानं घर घेतलेली, तरी पहिली कितीतरी वर्षं तुझं आपलं "आत्ताच झाला गं चहा." मी समजून होते. माझ्या आईनं वखारीत ओंजळीनं पाणी प्यायलेलं मी पाहिलंय, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग कधीतरी एकदा मांजराला शोधत तू माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलीस, पाटावर बसलीस आणि म्हणालीस, "आलं घालतीस का चहात?" त्यावर आपण कधी बोललो नाही. मी आलं घातलं.

तर ती चूक. ती माझ्याकडं कमी खायला लागली तेव्हा मला वाटलं, तुझ्याकडं पोट भरून येते. तुझ्याकडं दूध तसंच राहिलं तेव्हा तुला वाटलं, कमलनं मासळी चारली असणार. आपण दोघी मनातल्या मनात एकमेकींवर रुसलो. मला आठवतंय, तू दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होतीस आणि मी मुद्दाम रेडिओ मोठा लावला होता. मांजर मधल्या मध्ये उपाशी. मग एका सकाळी तुझ्या रांगोळीवर रक्ताचे थेंब पडलेले दिसले. तू भिंतीजवळ आलीस.

"कमल, ही तुझ्याकडं जेवती न्हवं?"

"न्हाय की. मला वाटलं तुझ्याकडं."

तू खाली बघितलंस. मी तिला उचललं. केसांमुळं कळलं नव्हतं, हाताला सगळ्या बरगड्या लागल्या.

त्या दिवशीची बेळगावची बस विसरणं शक्य नाही. टोपलीवर तुझं जुनं इरकली लुगडं बांधलेलं, आणि आत ती घोरल्यासारखा श्वास घेत होती. संकेश्वरच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, "आज्जी, टोपलीत काय?" तू कानडीत सांगितलंस की नात आहे, आजारी आहे. तो बिचारा पुढं सरकला. मी तुला चिमटा काढला तर म्हणालीस, "खोटं काय त्यात?"

बेळगावच्या अनगोळमधला तो छोटा दवाखाना. डॉक्टरीण खानापूरकडची, माझ्याशी मराठी बोलायची आणि तुझ्याशी कानडी, त्यामुळं आपल्याला प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकायला मिळायची. तिनं मांजराच्या नाकापुढं आरशाचा तुकडा धरला. एका बाजूला वाफ आली, दुसऱ्या बाजूला नाही. एवढं साधं. मग नाकाच्या वरच्या हाडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, इथं किंचित फुगलंय, या बाजूचा डोळाही पाणावलाय. आत काहीतरी वाढतंय. ते काय आहे हे तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. भूल देऊन तिनं त्या नाकपुडीतून जोरानं मिठाचं पाणी सोडलं, घशात पाणी जाऊ नये म्हणून आधी बोळा कोंबून. आपण दाराच्या काचेतून बघत होतो. तू डोळ्याला पदर लावला होतास आणि पदराच्या फटीतून बघत होतीस. पाण्याबरोबर मऊ पांढुरकी ढेकळं बाहेर आली, ती तिनं बाटलीत घालून पुण्याला पाठवली. भूल उतरली तेव्हा मांजर तोंड मिटून श्वास घेत होतं. ते बघूनच तू डॉक्टरीणबाईच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडलीस.

तपासणीचं उत्तर आलं, लिम्फोमा. एक प्रकारचा कॅन्सर, नाकातला. डॉक्टरीण म्हणाली, यावर किरणांचा उपचार सगळ्यात चांगला, पण मांजराला तो द्यायची सोय आपल्या भागात नाही. दुसरा मार्ग केमोचा, सुया आणि गोळ्या. नाकापुरतंच असेल तर बरीच मांजरं चांगली साथ देतात. कायमचं जाईल असं मी म्हणणार नाही, पण चांगले दिवस मिळतील. तिनं कुठंही उगाच गोड केलं नाही, म्हणून मला ती आवडली.

आणि तिथंच बाकावर आपलं भांडण झालं. मी म्हटलं, आक्का, दहा वर्षांचं जनावर ते. दर आठवड्याला बस, सुया, कशाला तिचे हाल? तू म्हणालीस, "ती नको म्हणाली काय तुला?"

"मांजर कसं म्हणंल?"

"मग तू कोण नको म्हणणारी? तिला बोलायला येत न्हाय म्हणून तिच्या वतीनं व्हय म्हणायचं असतंय."

शेजारी कुत्रं घेऊन बसलेला माणूस आपल्याकडं बघायला लागला. मला पटलं नव्हतं, पण तुझ्या हट्टापुढं माझं कधी चाललंय?

औषधं माणसांचीच होती. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि विचारलं, पेशंटचं वय किती? तू म्हणालीस, दहा. त्याचा चेहरा पडला. "लहान आहे हो," म्हणाला, "देव बरं करील." तू मान हलवलीस आणि रस्त्यावर आल्यावर खांबाला धरून हसलीस, इतकी की तुला दम लागला. मला वाटलं हसून दम लागला.

मग ते सगळे दिवस. सुई झाली की ती दोन दिवस खायची नाही. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, मांजर आधी नाकानं जेवतं, नाक बंद असलं की त्याला समोरचं अन्न दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा गरम करून द्या, उग्र वासाचं द्या. तिची घाण काढताना मी हातमोजे घालायची, कारण औषध लघवीतून बाहेर पडतं म्हणे. तू मोजे उलटे घालायचीस. तिच्या मिशा गळून गेल्या. अंगावरचे केस शाबूत आणि मिशा तेवढ्या गायब. मी म्हटलं, आता ही आपल्यातली झाली, बाई दिसायला लागली. तू मला रागावलीस.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी विचारली नाही. त्याच दिवसांत मला लेकीकडं पुण्याला जावं लागलं. जाताना मी तुला गोळ्या समजावून दिल्या, किल्ली दिली, पण मासळीचं काही बोलले नाही. तुला ते कसं सांगायचं? दूध-भाकरीवर निभव, म्हटलं. तिथं माझं लक्ष लागेना, नातवाला खेळवताना मनात मांजर. परत आले तर ती भिंतीवर बसलेली, पोट भरलेलं, डोळे स्वच्छ. मी विचारलं, काय खाल्लं हिनं? तू म्हणालीस, "दूध-भाकरी की." आणि आत गेलीस.

माझा सुकटीचा डबा निम्म्याहून खाली गेला होता. तुझ्या परसात धुण्याच्या दगडापाशी एक लोखंडी पळी राखेनं घासून उपडी घातली होती, आणि तरी तिला वास होता. तू, आक्का. शेजारी मासळी शिजली की खिडकी लावून घेणारी. तू ती सुकट हातात घेतलीस, चुलीवर भाजलीस, बोटांनी कुस्करून मांजराच्या नाकाला लावलीस, आणि मग किती वेळा आंघोळ केलीस ते तुझ्या गळ्यातल्या लिंगालाच माहीत. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. पण तेव्हा तुझे हात धरावेत असं फार वाटलं होतं. आज सांगते. माझ्या आयुष्यात कुणी माझ्या घरच्या अन्नाचा एवढा मान राखला नाही. तू ते मांजरासाठी केलंस हे ठाऊक आहे मला. तरी मी ते माझ्या नावावर धरून ठेवलंय.

ती बरी झाली. मिशा परत आल्या, आखूड आणि वाकड्या. वर्ष उलटलं तरी शिंक नाही. तू गल्लीत सगळ्यांना सांगत फिरलीस की कमल नको म्हणत होती. आणि मी ते ऐकून घेतलं, कारण तू बरोबर होतीस.

मग तुझा दम. जिना चढलीस की थांबायचीस, भिंतीला हात लावायचीस. मी बळंच तुला डॉक्टरकडं नेलं. छातीला तारा लावून कागद काढला, ते म्हणाले, हृदयाला रक्त कमी पडतंय, बेळगावला जाऊन हातातून नळी घालून बघून घ्या, उपाय होण्यासारखा आहे. होण्यासारखा आहे, असं म्हणाले ते, मी माझ्या कानांनी ऐकलंय. तू घरी येऊन चप्पल काढलीस आणि म्हणालीस, मी कुठं जाणार न्हाय.

किती बोलले मी तुला. मांजराच्या नाकात पाणी मारलेलं चाललं, तिला भूल दिलेली चालली, तुला एक नळी चालत नाही? तिला टोपलीत घालून दर आठवड्याला नेलीस, आणि तुला मी गाडी करून नेते म्हणते तर नको? तू डाळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तिला बोलायला येत न्हवतं गं. मला येतंय. मी नको म्हणतीया."

मी तुझ्या लेकाला फोन केला, तर तो म्हणाला, आईच्या मनाविरुद्ध कसं करायचं मावशी. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. फार दिवस नाही, मला तेवढं जमतच नाही, पण टाकलं. नंतर बोलायला लागले तेव्हा तो विषय आपण दोघींनी टाळला. भाजीचं बोललो, मांजराचं बोललो, समोरच्यांच्या सुनेचं बोललो. तुझ्या छातीचं कुणी बोललं नाही.

त्या दुपारी मांजर माझ्याकडं येऊन झोपलं होतं, म्हणून मला वाटलं तूही आडवी झाली असशील. दिवेलागणीला तुझ्या देवळीत दिवा दिसला नाही, तेव्हा मी हाक मारली. पुढचं तुला सांगायला नको. तुला बसवलं, विभूती लावली, फुलांनी सजवून नेलं. तुझ्याकडच्या बायकांनी मला पुढं बोलावून तुझ्या पायांपाशी बसवलं. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. मला त्याचाही राग आला.

लोक चार दिवस येऊन गेले. आता कोण येणार माझ्याकडं? दुपार संपत नाही. तू असताना आपण काय एवढं बोलायचो, मला आठवतही नाही, पण आता घशाला कोरड पडेपर्यंत गप्प बसावं लागतं. सकाळपासून कुणाशी बोलले नाही हे दूधवाल्याशी बोलताना कळतं, आवाज फाटका निघतो. लेक म्हणते पुण्याला ये. जाईन म्हणते आणि मांजराकडं बघते.

काल तिला घेऊन बेळगावला गेले. टोपली एकटीनं उचलली. डॉक्टरीणबाई बाहेर आली, माझ्या मागं बघितलं आणि विचारलं, "दुसऱ्या मावशी न्हाई आल्या?" मी म्हटलं, गेली. तिनं माझा हात धरला.

मग तिनं मांजराला तपासलं. नाकात पुन्हा वाढलंय. पोटावर हात ठेवून बराच वेळ चाचपत राहिली. फोटो काढून बघितला. म्हणाली, आता नुसतं नाकात नाही मावशी, मूत्रपिंडांतही उतरलंय. दुसरं औषध आहे, सुया पुन्हा चालू करता येतील, पण या वेळी मी फार आशा दाखवणार नाही. नाहीतर नुसती गोळी, सूज कमी होऊन थोडं खाईल, आराम पडेल. आणि फारच त्रास व्हायला लागला की सांगा, मी तिला कायमचं झोपवीन.

माझ्या तोंडात आलं होतं, करा. सुया चालू करा. तुझंच वाक्य जिभेवर होतं, तिला बोलायला येत नाही म्हणून आपण व्हय म्हणायचं. मी तिच्याकडं बघितलं. मागच्या वेळी याच टेबलावर ती डॉक्टरीणबाईच्या अंगठ्याला कडकडून चावली होती. काल ती बोट तोंडाशी नेलं तरी हलली नाही. आणि मला कळलं आक्का, की मी करा म्हणतेय ते तिच्यासाठी नाही. घरात दुसरा श्वास पाहिजे, म्हणून म्हणतेय. घोरणारा का असेना. ती गेली की भिंतीच्या दोन्ही बाजूंना मिळून मी एकटी राहते, त्याची मला भीती वाटते. म्हातारपणी इतकी भीती वाटेल असं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "नको बाई. गोळी द्या."

तू कोण नको म्हणणारी, असं विचारशील. तर तू नसताना तिच्याजवळ उरलेली मी. दुसरं कुणी असतं तर त्याला विचारलं असतं.

गोळीनं आज जरा बरं आहे. सकाळी सुकट भाजून दिली तर दोन घास खाल्ले. आता ती माझ्या मांडीवर आहे, आणि तुला हे लिहिताना तिचं नाक माझ्या मनगटाला टेकलंय, ओलं.

पण एवढ्यावरनं आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. तुझ्यावर रागावले होते तेव्हाही माझ्या मनात मीच होते, हे कबूल. तू गेलीस की माझं कसं होणार, एवढंच दिसत होतं मला. तरी माझं म्हणणं बदलत नाही. हिचं बरं होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी हिला नको म्हटलं. तुझं होण्यासारखं होतं. तू माझ्याबरोबर बेळगावला यायला पाहिजे होतंस, आक्का.